अमेरिकेतील गुलामगिरी-निर्मूलनाची चळवळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ‘सदाचारी लोकां’ना अर्पण केले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेले असते. मात्र हे सदाचारी लोक नेमके कोण होते, ते किती होते आणि त्यांच्याच देशात त्यांना कशी वागणूक मिळाली, याविषयी अब्राहम लिंकन यांच्या नावापलीकडे आपल्याकडे क्वचितच काही सांगितले जाते. पुढील प्रश्नोत्तरे त्या लोकांविषयी आहेत.

गुलामगिरीला विरोध कधीपासून होत होता?

पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या काही मंडळींनी १६८८ सालीच माणसांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता. फिलाडेल्फियात १७७५ साली या कामासाठी संस्था निघाली आणि पुढे बेंजामिन फ्रँकलिन तिचे अध्यक्ष झाले. उत्तरेकडील राज्यांनी एकेक करून गुलामगिरी बंद केली, परंतु बहुतेकांनी ती अत्यंत सावकाश केली. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने त्या दिवशी गुलाम असलेला एकही माणूस मुक्त झाला नाही. कायद्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल वयाच्या २८ व्या वर्षी सुटेल, एवढीच त्यात तरतूद होती. न्यूयॉर्कमध्ये पूर्ण मुक्तता यायला १८२७ साल उजाडले. या पहिल्या पिढीची पद्धत अर्ज-विनंत्यांची होती. मालकाचे नुकसान होऊ नये आणि समाजाला धक्का बसू नये, याची काळजी तीत गुलामाच्या काळजीपेक्षा अधिक दिसते. ज्या चळवळीला आपण एकोणिसाव्या शतकातील निर्मूलनवादी चळवळ म्हणतो, तिची मागणी ‘तात्काळ आणि विनाभरपाई’ अशी होती, आणि ती १८३० च्या आसपास आकाराला आली.

अमेरिकेच्या राज्यघटनेत गुलामगिरीला मान्यता होती का?

होती, पण ‘गुलाम’ हा शब्द न वापरता. १७८७ च्या मसुद्यात ‘इतर व्यक्ती’, ‘सेवेस बांधलेली व्यक्ती’ अशी वळणाची भाषा आहे. लोकप्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची मोजणी तीन-पंचमांश करायची, पळून गेलेल्याला परत द्यायचे आणि बाहेरून माणसे आणण्याचा व्यापार १८०८ पूर्वी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बंद करायचा नाही, अशा तीन तरतुदी तीत होत्या. म्हणजे ज्याला मत नव्हते त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला लोकसभेत, म्हणजे काँग्रेसच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात, जास्त जागा मिळत. हा शब्द टाळण्यामागे लाज होती की हिशेब होता, यावरून पुढे निर्मूलनवाद्यांतच मोठा वाद झाला. तो खाली येईल.

१८०८ साली आयात बंद झाल्यावर गुलामगिरी आपोआप का संपली नाही?

कारण कापूस. दक्षिणेच्या आतल्या भागात जो आखूड धाग्याचा कापूस येत असे, त्याची सरकी रुईला इतकी चिकटलेली असे की हाताने ती वेगळी करण्यात माणसाचा दिवस जाई आणि पदरात मूठभर रुई पडे. १७९३ साली एली व्हिटनी यांचे सरकी काढण्याचे यंत्र आले आणि हे काम झपाट्याने होऊ लागले. यंत्राने कष्ट कमी होतील, असे कोणालाही वाटेल, घडले उलटे. सरकी काढणे स्वस्त झाल्यामुळे कापूस पेरणे फायद्याचे झाले, आणि पेरणी, खुरपणी व वेचणी ही सगळी कामे माणसांच्या हातांनीच होत राहिली. जॉर्जियापासून अलाबामा, मिसिसिपी आणि टेक्सासपर्यंत मळे पसरत गेले. १७९० च्या जनगणनेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये त्यांची संख्या ३९ लाख ५० हजारांवर गेली होती. तोवर देशाच्या निर्यातीच्या एकूण मूल्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता.

बाहेरची आयात थांबल्यावर देशातल्या देशात माणसांचा बाजार उभा राहिला. व्हर्जिनिया आणि मेरिलँडमधील तंबाखूच्या थकलेल्या जमिनींवरून सुमारे दहा लाख माणसे खोल दक्षिणेत हलवली गेली, काही मालकांबरोबर, बरीचशी दलालांमार्फत, साखळदंडात पायी किंवा जहाजाने. नवरा-बायकोची आणि आई-मुलांची ताटातूट हा या व्यापाराचा नित्याचा भाग होता. गुलामांच्या विवाहाला कायद्यात स्थानच नव्हते.

ही चळवळ गोऱ्या धर्मशील मंडळींनी सुरू केली, हे बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर आहे, आणि अर्धवट सत्य इथे विशेष दिशाभूल करते. १८१६ साली ‘अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावे, हा तिचा उद्देश होता आणि त्यातूनच लायबेरिया उभा राहिला. अनेक प्रतिष्ठित गोऱ्यांना ही योजना उदार वाटत होती. जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय जमले आणि त्यांनी ती ठामपणे नाकारली. आपण इथे जन्मलो, आपल्या बापजाद्यांनी ही जमीन कसली आणि गुलामीत राहिलेल्या भावंडांना सोडून आपण जाणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे गॅरिसनसारख्या गोऱ्या कार्यकर्त्यांनी या योजनेची साथ सोडली ती या लोकांचे ऐकल्यानंतर.

१८२७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ हे कृष्णवर्णीयांनी चालवलेले पहिले वृत्तपत्र निघाले. त्याचे बोस्टनमधील एक प्रतिनिधी डेव्हिड वॉकर हे जुन्या कपड्यांचे दुकानदार होते. त्यांनी १८२९ मध्ये एक जळजळीत पुस्तिका लिहिली, तीत गुलामांना प्रतिकाराचे सरळ आवाहन होते. टपालाने ती दक्षिणेत पाठवणे धोक्याचे होते. पण बंदरातील खलाशी कपडे घ्यायला वॉकर यांच्याच दुकानात येत, आणि कोटाच्या अस्तरात शिवलेल्या त्या पुस्तिका चार्ल्सटन, सॅव्हाना अशा बंदरांवर उतरत. ती जवळ बाळगणाऱ्यांविरुद्ध दक्षिणेतील राज्यांनी कडक कायदे केले. वॉकर १८३० मध्ये वारले.

विल्यम लॉइड गॅरिसन यांचे महत्त्व काय?

१ जानेवारी १८३१ रोजी त्यांनी बोस्टनमध्ये ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक सुरू केले आणि २९ डिसेंबर १८६५ पर्यंत, म्हणजे गुलामगिरी घटनेने रद्द होईपर्यंत, ते चालवले. सुरुवातीला ते आणि त्यांचे भागीदार आयझॅक नॅप छापखान्यातच जमिनीवर झोपत. पहिल्या वर्षीचे बहुसंख्य वर्गणीदार कृष्णवर्णीय होते. जहाजांची शिडे बनवणारे फिलाडेल्फियाचे धनिक जेम्स फॉर्टन यांनी पाठवलेल्या आगाऊ वर्गणीवर पत्राला उभारी मिळाली. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फियात ‘अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी’ स्थापन झाली, आणि तिच्या शाखा पाच-सहा वर्षांत हजारावर गेल्या. गॅरिसन यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता. आपल्या भाषेत मुद्दामच सौम्यपणा ठेवणार नाही, हे त्यांनी पहिल्याच अंकात जाहीर केले होते. त्यांच्या सहकाऱ्यांनाही तो स्वभाव अनेकदा जड गेला.

उत्तरेतील जनता तरी त्यांच्या पाठीशी होती ना?

नव्हती. या चळवळीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. उत्तरेतील गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत, बँका मळेवाल्यांना कर्जे देत आणि मजुरांना मुक्त कृष्णवर्णीयांच्या स्पर्धेची भीती वाटे. निर्मूलनवादी हे उपद्रवी, देश फोडणारे माथेफिरू आहेत, असे सभ्य गृहस्थ उघड म्हणत. कनेक्टिकटमध्ये प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेने १८३३ मध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालवली, तेव्हा राज्याने तिच्याविरुद्ध खास कायदा केला, तिला तुरुंगात टाकले आणि गावाने शाळेच्या विहिरीत घाण टाकली. पुण्यात पंधरा-सोळा वर्षांनी काय घडले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. ७ नोव्हेंबर १८३७ रोजी इलिनॉयमधील ऑल्टन येथे संपादक एलाय्जा लव्हजॉय यांना छापखान्याचे रक्षण करताना जमावाने गोळ्या घातल्या. त्यांची आधीची मुद्रणयंत्रे नदीत फेकली गेली होती. फिलाडेल्फियात निर्मूलनवाद्यांनी वर्गणी काढून बांधलेले ‘पेनसिल्व्हेनिया हॉल’ १४ मे १८३८ ला उघडले आणि १७ मे रोजी जमावाने ते जाळले.

यात साताऱ्याच्या छत्रपतींचा काही संबंध येतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि तो संबंध एका इंग्रज वक्त्यामुळे येतो. जॉर्ज थॉम्पसन हे ब्रिटनमधील निर्मूलन चळवळीचे नामांकित व्याख्याते १८३४-३५ मध्ये अमेरिकेत सभा घेत हिंडत होते. २१ ऑक्टोबर १८३५ रोजी बोस्टनमधील स्त्रियांच्या निर्मूलनवादी संस्थेच्या सभेवर जमाव चालून आला तो थॉम्पसन यांना धरण्यासाठी. ते तिथे नव्हते. हाती लागले गॅरिसन. त्यांच्या अंगाला दोर बांधून त्यांना रस्त्यातून ओढले गेले, आणि जीव वाचवण्यासाठी नगराध्यक्षांनी त्यांना रात्रभर तुरुंगात ठेवले. थॉम्पसन यांना गुपचूप देश सोडावा लागला.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील कारभाराकडे लक्ष वळवले. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून दूर करून काशीला पाठवले, तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभांत महाराजांची बाजू आवेशाने मांडणाऱ्या इंग्रजांमध्ये हेच थॉम्पसन होते. महाराजांना न्याय मिळाला नाही, ते १८४७ मध्ये काशीलाच वारले.

स्त्रियांचा वाटा किती होता?

रोजचे काम पाहिले तर निम्म्याहून अधिक असावा, असे माझे मत आहे. काँग्रेसकडे जे हजारो अर्ज गेले, त्यांवरील सह्या घरोघर फिरून बव्हंशी स्त्रियांनी गोळा केल्या. पत्रे आणि व्याख्याने यांचा खर्च भागवण्यासाठी बोस्टनमध्ये दरवर्षी नाताळाच्या सुमारास भरतकाम, टाचणदाण्या आणि हस्तकलेच्या वस्तूंचा बाजार भरवला जाई. अर्जांचा हा भडिमार इतका वाढला की १८३६ मध्ये लोकसभेने गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज चर्चेस न घेता बाजूला ठेवण्याचा नियम केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, जे तेव्हा साधे सभासद म्हणून सभागृहात बसत, त्यांनी आठ वर्षे या नियमाशी झुंज दिली आणि १८४४ मध्ये तो रद्द करून घेतला. ज्या गोऱ्यांना गुलामांविषयी काहीच वाटत नव्हते, त्यांनाही आपला अर्जाचा हक्क गेलेला आवडला नाही. मळेवाल्यांनी हट्टाने विरोधकांची संख्या वाढवली, याचे हे पहिले ठळक उदाहरण आहे.

सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या बहिणी चार्ल्सटनच्या गुलामधारी कुटुंबात वाढल्या होत्या. आपल्या घरात पाहिलेल्या चाबकाविषयी त्या स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेत बोलू लागल्या, तेव्हा धर्मोपदेशकांनी बाईने व्यासपीठावर जाण्यालाच हरकत घेतली. १८४० साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी जागतिक परिषदेत अमेरिकेच्या स्त्री-प्रतिनिधींना सभासदांत बसू दिले नाही. लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांची तिथे गाठ पडली, आणि १८४८ ची सेनेका फॉल्स येथील स्त्री-हक्क परिषद ही त्या भेटीची पुढची पायरी होती.

चळवळीत फूट का पडली?

१८४० मध्ये अ‍ॅबी केली या स्त्री-कार्यकर्तीची अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीच्या एका समितीवर निवड होताच विरोधी गट बाहेर पडला. मात्र तो केवळ निमित्त होता. खरा मतभेद राजकारणात उतरावे की नाही, हा होता. गॅरिसन यांच्या मते राज्यघटनाच गुलामधारकांशी केलेला करार असल्याने तिच्याखाली मतदान करणे म्हणजे पापात सहभागी होणे होते. ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी भर सभेत घटनेची प्रत जाळली. दुसऱ्या गटाने ‘लिबर्टी पार्टी’ काढली. तिला १८४० मध्ये देशभरात जेमतेम सात हजार मते पडली, १८४४ मध्ये बासष्ट हजारांच्या आसपास. लोक हसले, पण पुढे याच प्रवाहातून ‘फ्री सॉइल’ या पक्षाकडे आणि १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे वाट गेली.

फ्रेडरिक डग्लस कोण होते?

मेरिलँडमध्ये १८१८ च्या सुमारास गुलामीत जन्मलेला मुलगा. बाल्टिमोरमध्ये मालकीणबाईंनी त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. मालकाने ते पाहताच थांबवले आणि शिकलेला गुलाम कामाचा राहत नाही, असे बायकोला बजावले. ते वाक्य मुलाने ऐकले. ज्या गोष्टीला मालक एवढा भितो ती मिळवलीच पाहिजे, असे त्याने तिथेच ठरवले. मग घरातून पाव घेऊन तो गल्लीत जाई आणि गरीब गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून एकेक अक्षर शिकून घेई. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याचे ओळखपत्र खिशात ठेवून, तो आगगाडीने निसटला.

पुढे ते गॅरिसन यांच्या तालमीत निर्मूलनवादी व्याख्याते झाले, आणि १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापले. मालकाचे नाव-गाव त्यात स्पष्ट दिल्यामुळे पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला, म्हणून ते ब्रिटनला गेले, आणि तिथल्या मित्रांनी १५० पौंड भरून त्यांची सुटका कायदेशीर केली. परतल्यावर रॉचेस्टरमधून त्यांनी ‘नॉर्थ स्टार’ पत्र काढले. घटना हे गुलामगिरीविरुद्ध वापरता येण्याजोगे शस्त्र आहे, या निष्कर्षावर ते १८५१ पर्यंत आले आणि गॅरिसन यांच्याशी त्यांचे संबंध कायमचे बिघडले. गुरूला शिष्याचे स्वतंत्र मत सोसले नाही, असे मला वाटते. विशेषतः शिष्य कृष्णवर्णीय असताना.

‘भूमिगत रेल्वे’ खरोखर रेल्वे होती का?

नाही. पळून येणाऱ्यांना आसरा देणाऱ्या, पुढच्या गावी पोचवणाऱ्या माणसांच्या सैल जाळ्याला ते टोपणनाव पडले होते. घरांना ‘स्टेशन’ आणि वाटाड्यांना ‘कंडक्टर’ म्हणत. तिच्याभोवती दंतकथाही बऱ्याच आहेत. गोधड्यांवरच्या नक्षीतून गुप्त खुणा दिल्या जात, ही लोकप्रिय गोष्ट समकालीन पुराव्याने सिद्ध होत नाही. मेरिलँडमधील गुलामीतून स्वतः निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी ३०० जणांना सोडवले, असे सर्रास सांगितले जाते. अभ्यासकांच्या मते त्या सुमारे तेरा वेळा मेरिलँडला परत गेल्या आणि साधारण सत्तर जणांना घेऊन आल्या. लहानपणी मुकादमाने भिरकावलेले वजन डोक्याला लागल्याने त्यांना चालता-बोलता अचानक झापड येई, हे लक्षात घेता सत्तर हा आकडा मुळीच लहान नाही.

पहिला आणि सर्वांत अवघड टप्पा बहुतेकांनी स्वतःच्याच हिकमतीवर पार केला. डिसेंबर १८४८ मध्ये जॉर्जियातील मेकन येथून एलेन आणि विल्यम क्राफ्ट हे जोडपे निघाले. एलेन वर्णाने गोरी दिसे. तिने केस कापले, विजार घातली, डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला आणि आजारी तरुण मळेवाल्याचे सोंग घेतले. नवरा तिचा गुलाम झाला. हॉटेलात आणि बोटीवर नोंदवहीत सही करावी लागणार, आणि तिला तर लिहिता येत नव्हते. म्हणून उजवा हात झोळीत अडकवला. सही दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगत, पहिल्या वर्गाने प्रवास करत, दोघे नाताळच्या दिवशी फिलाडेल्फियात पोचले.

त्याच शहरात विल्यम स्टिल हे निर्मूलनवादी संस्थेच्या कचेरीत काम करत आणि आलेल्या प्रत्येकाची हकिकत लिहून घेत. १८५० च्या ऑगस्टमध्ये पीटर नावाचा एक प्रौढ माणूस अलाबामातून आला. चाळीस वर्षांपूर्वी हरवलेल्या आई-वडिलांचा शोध घ्यायचा आहे, असे तो म्हणाला आणि त्याने त्यांची नावे सांगितली. ती स्टिल यांच्याच आई-वडिलांची नावे होती. त्यांची आई पळाली तेव्हा दोन मुली घेऊन निघाली होती आणि दोन मुलगे मागे ठेवावे लागले होते. विल्यम यांचा जन्म त्यानंतरचा. समोर बसलेला माणूस त्यांचा कधीही न पाहिलेला थोरला भाऊ होता. नोंदी नेटक्या ठेवण्याचा ध्यास त्यांनी पुढे का सोडला नाही, हे वेगळे सांगायला नको. त्या नोंदींचे पुस्तक १८७२ मध्ये निघाले.

१८५० च्या पलायित गुलाम कायद्याने काय बदलले?

पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे आणि ज्युरीही नसे. निर्णय देणाऱ्या आयुक्ताला त्याने माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच डॉलर शुल्क मिळे. जास्त कागदपत्रे लागतात म्हणून जास्त शुल्क, असे त्याचे समर्थन होते. आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. गुलामगिरी ही दूरची गोष्ट मानणाऱ्या उत्तरेच्या दारात या कायद्याने ती आणून उभी केली. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या तरुणाला बोस्टनमधून परत नेताना सैनिकांचा पहारा ठेवावा लागला, रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते आणि इमारतींवर शोकाचे काळे कापड लटकत होते. कालपर्यंत निर्मूलनवाद्यांना माथेफिरू म्हणणाऱ्या अनेक व्यापाऱ्यांचे मत त्या दिवशी फिरले.

‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीने १८६१ ते १८६५ चे उत्तर-दक्षिण यादवी युद्ध घडवले का?

कादंबरीने युद्ध होत नाही. हॅरिएट बीचर स्टो यांचे हे पुस्तक मार्च १८५२ मध्ये निघाले आणि वर्षभरात अमेरिकेत त्याच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. वरील कायद्याने तापलेल्या वातावरणात ते पडले, एवढे निश्चित. ‘हे मोठे युद्ध घडवणारी छोटी बाई ती हीच तर’, असे लिंकन यांनी लेखिकेला उद्देशून काढल्याचे जे उद्गार सांगितले जातात, त्यांना समकालीन आधार नाही.

जॉन ब्राऊन यांच्याकडे कसे पाहावे?

निर्मूलनवादी स्वतःही एकमताने पाहत नव्हते. मे १८५६ मध्ये कॅन्ससमध्ये ब्राऊन यांच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना रात्री घरातून ओढून मारले. ते समर्थनीय नव्हते. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर त्यांनी एकवीस साथीदारांसह छापा घातला. डग्लस यांनी ही योजना आधीच ऐकली होती आणि तुम्ही पोलादी सापळ्यात शिरत आहात, असे सांगून सामील व्हायला नकार दिला होता. तसेच झाले. २ डिसेंबरला ब्राऊन यांना फाशी दिले गेले. खटल्यातील त्यांच्या धीरगंभीर वर्तनाने उत्तरेत ते हुतात्मा ठरले, आणि दक्षिणेने प्रत्येक उत्तरेकडील माणसात ब्राऊन पाहायला सुरुवात केली.

लिंकन निर्मूलनवादी होते का?

१८६० साली नव्हते. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, एवढी त्यांची भूमिका होती. जिथे ती होती तिथे हात लावण्याचा इरादा नाही, असे ते वारंवार सांगत. ऑगस्ट १८६२ मध्येही त्यांनी कृष्णवर्णीयांच्या शिष्टमंडळाला देश सोडून अन्यत्र वसण्याचा सल्ला दिला. १ जानेवारी १८६३ च्या मुक्ततेच्या जाहीरनाम्याने देशातून फुटून युद्ध करणाऱ्या दक्षिणेतील बंडखोर भागांतील गुलाम मुक्त ठरवले, पण केंटकी, मिसूरी, मेरिलँड आणि डेलावेअर या संघाशी, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या मूळ संघराज्याशी, एकनिष्ठ राहिलेल्या गुलामधारी राज्यांना तो लागू नव्हता. तरीही माणूस बदलत गेला हे खरे. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात त्यांनी काही कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्याचे सुचवले. श्रोत्यांत जॉन विल्क्स बूथ होता, आणि तीन दिवसांनी त्याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली.

मग गुलाम मुक्त झाले कसे?

मोठ्या प्रमाणात स्वतःच्या पायांनी. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम नाव वल्हवत व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या संघाच्या किल्ल्यावर आले. दक्षिणेच्या सैन्याने त्यांना तटबंदीच्या कामाला जुंपले होते. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा अधिकारी पांढरे निशाण घेऊन त्यांना परत मागायला आला आणि १८५० च्या कायद्याचा हवाला देऊ लागला. किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील होते. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, तेव्हा अमेरिकेचा कायदा तिला लागू नाही, असे उत्तर देऊन त्यांनी त्या तिघांना युद्धातील जप्त माल म्हणून ठेवून घेतले. बातमी पसरली. आठवड्याभरात माणसे डझनांनी येऊ लागली, पुढे हजारोंनी, आणि वॉशिंग्टनला धोरण ठरवणे भाग पडले.

सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय पुरुष संघाच्या सैन्यात लढले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर मिळत. त्यांना दहा, आणि त्यातून कपड्यांचे तीन वजा. चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने असा पगार घ्यायलाच नकार दिला, आणि बिनपगारी लढत १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवर हल्ला चढवला. पगार समान करणारा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

भरपाई कोणाला मिळाली?

जिथे मिळाली तिथे मालकांना. राजधानी वॉशिंग्टनमध्ये एप्रिल १८६२ मध्ये गुलामगिरी संपवताना एकनिष्ठ मालकांना दर माणसामागे ३०० डॉलरपर्यंत दिले गेले. मुक्त झालेल्यांना, तेही देश सोडून जाणार असतील तरच, १०० डॉलरपर्यंत देऊ केले होते. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी किनारपट्टीची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त कुटुंबांना वाटण्याचा आदेश काढला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती बहुतेक जुन्या मालकांना परत दिली.

त्या युद्धाचा मुंबईवर परिणाम झाला, तो हाच का?

होय. दक्षिणेची बंदरे अडवली गेल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सगळा डोलारा कोसळला. या तेजीचा निर्मूलनाच्या विचाराशी मात्र काही संबंध नव्हता.

फुले यांना ही माहिती कुठून मिळाली, आणि त्यांचे चित्र अचूक होते का?

त्यांचे शिक्षण मिशनरी शाळेत झाले होते आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. अमेरिकेच्या घडामोडी त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या वाटा अशा मोकळ्या होत्या. त्यांची अर्पणपत्रिका अमेरिकेतील ‘सदाचारी लोकां’ना उद्देशून आहे, आणि शब्दशः घेतले तर ती अचूक आहे, ती साऱ्या अमेरिकेला उद्देशून नाही. आपणच ती वाचताना संपूर्ण राष्ट्राने एकमुखाने गुलाम सोडवले, असे समजून चालतो. ज्या वर्षी पुस्तक निघाले त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने अनेक डझन कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यांतील बरेच जण शरण आल्यानंतर मारले गेले. अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी तेव्हा आपले काम संपले असे मानून १८७० मध्येच विसर्जित झाली होती.

गुलामगिरी कायद्याने नेमकी कधी संपली?

तेरावी घटनादुरुस्ती लोकसभेत ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली आणि पुरेशा राज्यांच्या मान्यतेने ६ डिसेंबर १८६५ रोजी अमलात आली. डेलावेअर आणि केंटकीमधील शेवटचे गुलाम तेव्हा सुटले. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील, असा अपवाद तिच्यात आहे, आणि त्याच्या आधारे दक्षिणेतील राज्ये पुढे कैदी मळेवाल्यांना आणि खाणींना भाड्याने देत राहिली. डेलावेअरने या दुरुस्तीला मान्यता दिली ती १९०१ साली, केंटकीने १९७६ साली, आणि मिसिसिपीने १९९५ साली.